चंद्राची माती कुलाब्यात आली, दार कोणासाठी उघडले?

गेल्या २३ ऑगस्टला, राष्ट्रीय अंतराळ दिनाला, आमच्या भागातल्या एका शाळेत थर्माकोलचे चांद्रयान केले होते. त्याला हार घातला, पुढे नारळ फोडला, मग भाषणे झाली. त्यानंतरच्या रविवारी बौद्धवाडीतल्या विहारात मुलांचा अभ्यासवर्ग होता. तिथे सातवीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, चंद्रावर आपल्यातला कोण गेलाय काय ओ?"

बाकीची पोरे हसली. आम्ही 'नाही' म्हणालो आणि पुढच्या धड्याकडे वळलो. पण घरी जाताना ते 'आपल्यातला' डोक्यातून जाईना. आपल्यातला म्हणजे कोण? भारतीय? बौद्ध? बाई? मासे सुकवणाऱ्या, रोजगार हमीवर जाणाऱ्या घरातला कोणी? तिला नुसते 'नाही' सांगून आम्ही पळवाट काढली होती. हा लेख त्या पोरीला द्यायच्या खऱ्या उत्तरासाठी आहे, आणि आपल्या चळवळीतल्या काही मित्रांशी भांडणासाठीही.

भांडण असे. चंद्राचा विषय निघाला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मजकूर फिरतात. एक: 'यान चंद्रावर उतरते, माणूस मात्र गटारात उतरतो, काय करायचे ते विज्ञान?' दुसरा: 'अभिमान बाळगा, जातपात काढू नका.' दुसऱ्याला उत्तर देणे सोपे आहे. पहिला आपलाच आहे म्हणून अवघड. त्यातला राग खरा आहे. पण त्या रागातून निघालेला निष्कर्ष बाबासाहेबांचा नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधाऱ्याचे कामही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना, केंद्रीय विद्युत मंडळाची पायाभरणी ही त्या काळातली कामे. यंत्र नको असे ते कधी म्हणाले नाहीत. यंत्राने वाचलेला वेळ आणि निर्माण झालेली संपत्ती कोणाच्या वाट्याला येते, एवढेच ते विचारत. चंद्राच्या इतिहासालाही हाच प्रश्न विचारायला हवा.

आणि चंद्र आपल्याला परका नाहीच. नाटे-जैतापूरच्या खाडीत होडी घालणाऱ्याला तो पंचांगापेक्षा जास्त लागतो. अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग यावर त्याचा दिवस ठरतो. बौद्धांचे तर सगळे मोठे दिवस पौर्णिमेचे. त्यामुळे 'चंद्र त्यांचा, गटार आमचे' अशी वाटणी आम्हाला मान्य नाही.

आता इतिहासाकडे. शाळेत तो केनेडींच्या भाषणापासून सुरू होतो. खरे तर तो जर्मनीतल्या एका बोगद्यापासून सुरू करायला हवा. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ या अग्निबाणाचा मुख्य रचनाकार वेर्नर फॉन ब्राउन. दुसऱ्या महायुद्धात याच माणसाने हिटलरसाठी व्ही-२ क्षेपणास्त्र बनवले आणि तो एसएस या नाझी संघटनेचा अधिकारी होता. व्ही-२ तयार होत ते मिटेलबाउ-डोरा छळछावणीतल्या कैद्यांच्या हातून, डोंगराच्या पोटात. सुमारे साठ हजार माणसे त्या छावणीतून गेली आणि त्यातली वीस हजारांच्या आसपास मेली. ते क्षेपणास्त्र पडून जितके मेले, त्याहून जास्त ते बनवताना मेले. युद्ध संपल्यावर अमेरिकेने या तंत्रज्ञांना न्यायालयापुढे उभे करण्याऐवजी विमानात बसवून नेले. सॅटर्न-५ च्या प्रकल्पाचा व्यवस्थापक आर्थर रुडॉल्फ त्याच बोगद्यातल्या कारखान्यात अधिकारी होता. त्याच्यामागे चौकशी लागली ती १९८० च्या दशकात आणि १९८४ मध्ये तो नागरिकत्व सोडून अमेरिकेतून निघून गेला. तोवर चंद्रावर जाऊन आलेल्यांची पाठ्यपुस्तके लिहून झाली होती.

पलीकडे सोव्हिएत संघ होता. तिथला युरी गागारीन सामूहिक शेतीवरच्या सुताराचा मुलगा, स्वतः ओतकाम शिकलेला. १२ एप्रिल १९६१ रोजी तो अंतराळात गेला. १९६३ मध्ये गेलेली व्हॅलेंतिना तेरेश्कोवा कापड गिरणीतली कामगार. सोव्हिएत राजवटीचे दोष आम्हाला माहीत आहेत, पण गिरणी कामगार बाईला अंतराळात बसवावे असे त्यांना सुचले आणि अमेरिकेला आपली पहिली बाई पाठवायला त्यानंतर वीस वर्षे लागली, हेही नोंदवले पाहिजे. गागारीनच्या उड्डाणानंतर दीड महिन्यात, २५ मे १९६१ ला, केनेडींनी दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवण्याची घोषणा केली. ही शर्यत होती. खुद्द केनेडींनी पुढे बंद खोलीत सांगितले की त्यांना अंतराळात फारसा रस नाही, रशियाच्या पुढे जायचे आहे. या शर्यतीवर अडीच हजार कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. ऐन भरात चार लाख माणसे या कामाला होती.

या चार लाखांतून प्रत्यक्ष चंद्रापर्यंत गेले चोवीस आणि त्याच्या मातीवर चालले बारा. सगळे अमेरिकन, सगळे पुरुष, सगळे गोरे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एड ड्वाइट नावाच्या काळ्या वैमानिकाला अंतराळवीराच्या प्रशिक्षणात घेतले होते, पण निवड झाली नाही. तो पुढे शिल्पकार झाला. मे २०२४ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, एका खासगी कंपनीच्या यानातून त्याला काही मिनिटे अंतराळ दाखवण्यात आले. काहींना हा सन्मान वाटला. आम्हाला साठ वर्षांची थकबाकी वाटली.

आता एका तारखेवर थोडे थांबू.

२५ डिसेंबर आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. १९२७ साली याच तारखेला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथाचा पहिला अध्याय विश्वाच्या उत्पत्तीचा आहे. तिथेच मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांतून चार वर्ण काढून उतरंड कायमची सृष्टीत बसवली आहे.

बरोबर एकेचाळीस वर्षांनी, डिसेंबर १९६८ मध्ये, अपोलो-८ हे यान तीन माणसांना घेऊन चंद्राभोवती फिरत होते. माणूस पृथ्वीपासून इतका दूर पहिल्यांदाच गेला होता. चंद्राच्या कडेवरून पृथ्वी उगवतानाचा तो प्रसिद्ध निळा फोटो याच फेरीतला. तिथून त्यांनी थेट प्रक्षेपण केले आणि बायबलमधली विश्वोत्पत्तीची वचने वाचून दाखवली. अमेरिकेत ती नाताळची आदली रात्र होती, भारतीय घड्याळात २५ डिसेंबरच्या सकाळी आठचा सुमार. चार शतकांपूर्वी ज्या खगोलशास्त्राने धर्मपीठाशी टक्कर घेतली, त्याच्याच जोरावर चंद्रापर्यंत पोचलेल्या माणसांनी तिथे जाऊन धर्मग्रंथ वाचला! तिकडे निदान एक बाई उभी राहिली. मॅडलिन मरे ओ'हेअर या निरीश्वरवादी कार्यकर्तीने सरकारी कामात धर्म आणला म्हणून नासाला कोर्टात खेचले. ती हरली, पण पुढच्या वेळी नासा सावध झाली. आपल्याकडे जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ ची छोटी प्रतिकृती तिरुपतीच्या देवळात नेली तेव्हा संविधानाच्या ५१-अ कलमातल्या वैज्ञानिक दृष्टिकोनाची आठवण किती जणांना झाली? आणि यान उतरले त्या जागेला नाव काय दिले, तर 'शिवशक्ती'.

त्याच २५ डिसेंबर १९६८ ला दुपारच्या आत अपोलो-८ ने परतीची वाट धरली. रात्री तामिळनाडूच्या तंजावर भागात, किळवेणमणी नावाच्या गावात, मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांवर जमीनदारांच्या माणसांनी हल्ला केला. बायका, मुले आणि म्हातारी माणसे एका झोपडीत लपली होती. झोपडी बाहेरून पेटवली. चव्वेचाळीस जण जळाले. आरोपी जमीनदार १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातून सुटले. मोटारी बाळगणारे मोठे जमीनदार स्वतः चालत जाऊन आग लावतील हे न्यायालयाला पटले नव्हते.

म्हणजे एकाच तारखेला माणूस चंद्राला प्रदक्षिणा घालून घरी निघाला होता आणि मजुरीत थोडी वाढ मागणाऱ्यांना कोळसा केले गेले होते. दोन्ही गोष्टी 'माणसाने' केल्या. त्या वर्षाच्या आठवणींत पृथ्वीचा फोटो असतो. किळवेणमणी नसते.

इथे आपला पहिला मित्र म्हणेल, 'तेच तर सांगतोय, काय करायचे ते विज्ञान?' त्याला आम्ही राल्फ अॅबरनथींची गोष्ट सांगू.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. योगायोगाने त्याच दिवशी सॅटर्न-५ ची दुसरी चाचणी उडाली होती. किंगनंतर त्यांच्या संघटनेची धुरा अॅबरनथींकडे आली. १५ जुलै १९६९ ला, म्हणजे अपोलो-११ उडण्याच्या आदल्या दिवशी, ते गरीब काळ्या कुटुंबांना घेऊन केप केनेडीच्या तळावर पोचले. सोबत खेचरांच्या दोन गाड्या. मागे तो आभाळाला भिडलेला अग्निबाण आणि पुढे खेचरे. नासाचे प्रमुख थॉमस पेन रिमझिम पावसात मोकळ्या मैदानात त्यांना भेटायला आले. अॅबरनथी म्हणाले की या देशातल्या पाचातल्या एका माणसाला पुरेसे अन्न, वस्त्र, निवारा नाही. पण उड्डाण थांबवा असे ते म्हणाले नाहीत. त्यांच्या मागण्या वेगळ्याच होत्या. आमच्यातल्या काही कुटुंबांना उड्डाण बघायला आत घ्या. गरिबी आणि भुकेविरुद्धच्या लढ्याला नासाने पाठिंबा द्यावा. आणि चंद्रावर जाण्याची अक्कल लावणाऱ्या तंत्रज्ञांना भुकेच्या प्रश्नावरही बसवा. पेन म्हणाले, उद्या ते बटण न दाबल्याने गरिबी सुटणार असती तर आम्ही ते दाबले नसते. दुसऱ्या दिवशी त्या लोकांपैकी शंभरेक जणांना बड्या पाहुण्यांच्या जागेत बसवले गेले. अॅबरनथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थनाही केली.

पेन यांचे उत्तर गोड होते, पण ते उत्तर नव्हते. बटण दाबू नका असे कोणी म्हणालेच नव्हते. मागितला होता तो वाटा. असाच अनुभव आपल्याला रोज येतो. आपण हिस्सा मागतो आणि समोरचा सांगतो की तुम्ही प्रगतीच्या विरोधात आहात.

अॅबरनथींच्या मागणीत आम्हाला महाड दिसते. चवदार तळे बुजवा असे बाबासाहेब म्हणाले नव्हते. आम्हीही पाणी पिणार, असे म्हणाले होते.

२१ जुलै १९६९ ला सकाळी साडेआठच्या सुमारास, आपल्या वेळेप्रमाणे, नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला. महाराष्ट्राने ते रेडिओवर ऐकले आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचले. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला अजून तीन वर्षे होती. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईत आले. त्यांना बघायला गर्दी लोटली होती. त्या गर्दीत गिरणगावातली, बीडीडी चाळीतली आपली माणसे असणारच. रत्नागिरीतून गिरणीत गेलेल्यांपैकी कोणी तिथे उभे राहून हात हलवला असेल, तर त्याला तरी काय माहीत, की या यानात गिरणीचेही काम आहे?

ही गोष्ट फार कमी सांगितली जाते. अपोलोच्या संगणकाची स्मृती हाताने विणलेली होती. बारीक तार चुंबकीय कड्यांमधून ओवायची. कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. हे विणकाम मॅसॅच्युसेट्समध्ये रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका करत. कापडाच्या आणि घड्याळाच्या कारखान्यांतला हात असलेल्या कामगार बायका. एक तार चुकली तर यानाचा हिशोब चुकणार. इंजिनिअर मंडळी त्या स्मृतीला थट्टेने 'म्हाताऱ्यांची स्मृती' म्हणत.

आता मुंबईच्या गिरणीत या. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, चार पैसे जास्त मिळत आणि तिथेच अस्पृश्याला जागा नव्हती. का? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या थुंकीने सूत बाटेल म्हणून आपल्याला कातखात्याच्या हलक्या पगारात ठेवले जाई. मालकांना ते चालत होतेच, सवर्ण कामगारांनाही चालत होते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी सांगितले, त्यामागे हा धोटा होता. साचाखात्यात घेतले असते तर आपली माणसे कुठवर गेली असती, असे विचारणे भाबडेपणाचे आहे हे आम्हाला कळते. पण हातातले कसब जातीमुळे वाया घालवणाऱ्या समाजाने नंतर 'गुणवत्ता' हा शब्द तोंडात घ्यावा, याचा राग येतो.

गुणवत्तेचा विषय निघाला आहे तर अमेरिकेतलीच गोष्ट पुढे नेऊ. लँगलीच्या संशोधन केंद्रात गणिते हाताने सोडवणाऱ्या बायका होत्या. त्यांना 'कॉम्प्युटर' म्हणत. त्यात काळ्या बायकांचा स्वतंत्र विभाग. कार्यालय वेगळे, संडास वेगळा, जेवणाच्या खोलीत टेबल वेगळे आणि त्यावर 'कलर्ड कॉम्प्युटर्स' अशी पाटी. मिरिअम मान नावाच्या बाई ती पाटी उचलून पर्समध्ये टाकत. व्यवस्थापन नवी ठेवी, बाई तीही टाकत. शेवटी पाटी यायची थांबली. डोरोथी वॉन १९४३ मध्ये आल्या आणि पुढे विभागप्रमुख झाल्या. मेरी जॅक्सनना इंजिनिअर व्हायला लागणारे वर्ग गोऱ्यांच्या शाळेत भरत, तिथे बसायला त्यांना शहर प्रशासनाची परवानगी काढावी लागली. कॅथरिन जॉन्सन यांनी १९६२ मध्ये जॉन ग्लेनच्या उड्डाणाची गणिते तपासली, नंतर अपोलोच्या मार्गाच्या गणितांवर काम केले.

या बायकांवर सिनेमा निघाला, तो बघून आपल्याकडचे सवर्ण मित्रही डोळे पुसत होते. पण या बायका लँगलीत शिरल्या कशा? नुसत्या हुशारीने नाही. हुशार त्या आधीही होत्या. रेल्वेच्या शयनडब्यांतल्या काळ्या नोकरांची युनियन बांधणारे ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर प्रचंड मोर्चा नेण्याची धमकी दिली. त्या धमकीपुढे वाकून रूझवेल्टने २५ जून १९४१ ला हुकूम काढला की संरक्षण उद्योगात आणि सरकारी नोकरीत वंशाच्या आधारे कोणाला नाकारायचे नाही. त्या हुकमानंतर दोन वर्षांनी लँगलीचे दार उघडले. आधी हमालांची युनियन, मग हुकूम, मग नोकरी, मग गुणवत्ता दिसली. क्रम असा आहे.

आपल्याकडे १९७२ साली काय चालले होते तेही याच रांगेत ठेवून बघा. एप्रिलमध्ये अपोलो-१६ चंद्रावर उतरले. मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दोन बौद्ध बायकांची नग्न धिंड काढली गेली. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात आपल्या वस्तीवर बहिष्कार पडला. याच रागातून मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली. नाव घेतले ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. महाराष्ट्रात दुष्काळ होता, माणसे खडी फोडत होती आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळत होती. डिसेंबरमध्ये अपोलो-१७ गेले. जीन सर्नन चंद्रावरून शेवटी निघाला. एकाच देशाकडून त्या वर्षी महाराष्ट्राकडे चंद्राची बातमी आली, जनावरांना घालायचे धान्य आले आणि पँथर हे नाव आले. तिन्हींतले कोणते आपण निवडून घेतले हे महत्त्वाचे आहे.

आणखी एक वस्तू आली होती. चंद्राची माती.

अपोलोच्या सहा उतरणींतून एकूण ३८२ किलो माती आणि दगड पृथ्वीवर आले. त्यातले थोडे नमुने जगातल्या निवडक प्रयोगशाळांना तपासायला दिले गेले आणि त्यांत मुंबईच्या कुलाब्यातली टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे चंद्राच्या खनिजकणांमधले सूक्ष्म माग तपासले. विश्वकिरण लाखो वर्षे त्या मातीवर आदळत होते. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, त्यामुळे त्यांच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. त्यावरून ती माती किती काळ उघडी पडली होती आणि प्राचीन काळी विश्वकिरण कसे होते, याचा अंदाज बांधता येतो. सुंदर काम आहे. या कामाचा अभिमान आम्हालाही आहे. लाल पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि चंद्राच्या अभ्यासाची ती परंपरा तिथे चालू राहिली.

या दोन संस्थांची नावे लक्षात ठेवा. जून १९७५ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की संशोधन करणारी आणि संशोधनाला दिशा देणारी जी शास्त्रीय-तांत्रिक पदे पहिल्या श्रेणीच्या सर्वांत खालच्या पायरीच्या वर असतील, त्यांना आरक्षणातून सूट देता येईल. पुढे २००६ चा केंद्रीय शैक्षणिक संस्थांमधल्या प्रवेशातील आरक्षणाचा कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात उत्कृष्टतेच्या आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून काही संस्था वगळल्या आणि त्यांची अनुसूची जोडली. त्या अनुसूचीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे, तिरुवनंतपुरमची अंतराळ भौतिकी प्रयोगशाळा आहे, डेहराडूनची सुदूर संवेदन संस्था आहे. २०१९ मध्ये अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा झाला, तिथेही हीच नावे वगळली.

'अनुसूची' हा शब्द आपल्या वाट्याला एका कारणाने आला होता. कोणाला दार उघडायचे, त्यांची ती यादी होती. आता कोणी दार उघडायला बांधील नाही, त्याचीही अनुसूची आहे. आणि त्या यादीत नेमक्या चंद्राची माती तपासणाऱ्या संस्था आहेत! या संस्थांत आपले कोणी पोचलेच नाही असे आम्ही म्हणत नाही. पोचला तो स्वतःच्या हाडांवर पोचला. रँडॉल्फच्या हुकमाने लँगलीचे दार उघडले होते. इथे संसदेने लिहून दिले की ते न उघडले तरी चालेल.

'शास्त्राला जात नसते' हे वाक्य यावर हमखास फेकले जाते. शास्त्राला नसेल. शास्त्राला जमीन लागते, कामगार लागतात, पैसा लागतो, आणि त्या सगळ्यांना आहे. भारताचा पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळच्या थुंब्यातून उडाला. ते मच्छीमारांचे गाव होते. त्यांनी घरे दिली, चर्च दिले. त्या चर्चमध्ये कार्यालय बसले. या भागातल्या वाचकांना थुंबा समजावून सांगावे लागणार नाही. समोर माडबनचा सडा दिसतो. तिथल्या अणुप्रकल्पाच्या फ्रान्सबरोबरच्या करारावर दिल्लीत सही झाली ती ६ डिसेंबर २०१० ला. आपली माणसे त्या दिवशी चैत्यभूमीवर रांगेत होती. १८ एप्रिल २०११ ला नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात साखरी नाटेचा एक तरुण मच्छीमार मेला. थुंब्याच्या लोकांना निदान समोर बसून विचारले होते.

गटाराचा प्रश्न राहिला. चांद्रयान-३ उतरले २३ ऑगस्ट २०२३ ला. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्या सफाई कामगाराच्या कुटुंबाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली आणि ही प्रथा पूर्ण बंद करा असे पुन्हा सांगितले. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. यंत्र बनवता येत नाही म्हणून माणूस आत जात नाही. तो कोणत्या जातीचा आहे हे माहीत असते म्हणून जातो. म्हणून चांद्रयानाच्या विरोधात गटार उभे करू नका. ज्यांच्या हातात यंत्र आहे त्यांच्यासमोर उभे करा. अॅबरनथींची तिसरी मागणी हीच होती.

तिकडेही सगळे सुटलेले नाही. आर्टेमिस मोहिमेत चंद्रावर पहिली बाई आणि पहिली गौरेतर व्यक्ती उतरवू असे नासा सांगत असे. एप्रिल २०२३ मध्ये चंद्राला फेरी घालायला निवडलेल्या चौघांत व्हिक्टर ग्लोव्हर हा काळा वैमानिक आणि क्रिस्टिना कोच या बाई होत्या. मार्च २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर ते वचन नासाच्या संकेतस्थळावरून गुपचूप काढले गेले. उघडलेले दार पुन्हा लोटून घेता येते. आपला देशही २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय उतरवणार असे सांगतो आहे. आमच्या वर्गातली ती मुलगी तेव्हा तिशीच्या आत असेल.

तर तिला काय सांगायचे? चंद्रावर आपल्यातले कोणी उतरलेले नाही, हे खरेच आहे. पण यानाची स्मृती विणणाऱ्या बायका आपल्यातल्या होत्या, टेबलावरची पाटी पर्समध्ये टाकणारी बाई आपल्यातली होती, बोगद्यात मेलेले आपल्यातले होते आणि खेचरांची गाडी घेऊन गेलेला माणूसही. आणि चंद्राची माती मुंबईत आली तेव्हा ती ज्या संस्थेत ठेवली, तिथे शिकायला जायचा तुला हक्क आहे, पण त्या हक्कासाठी एक कायदा बदलावा लागेल. कलम चौथे.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर ही गोष्ट मुलांना सांगायचे ठरले आहे. तार ओवून एक आणि शून्य कसे होते ते दाखवायला कोणीतरी जुन्या जाळ्याची दोरी आणि बांगड्या आणाव्यात. त्या रात्री उधाण आहे, खाडीपलीकडून येणाऱ्यांना वेळेत परतायचे असते, म्हणून कार्यक्रम बरोबर सहाला सुरू होईल.

जय भीम.